गावच्या जि. प. शाळेत मुलींसाठी टॉयलेट बांधून द्यायचंय, वर्गणीचे पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

तुमचं म्हणणं असं की दहावीच्या बॅचने अडीच लाख जमवलेत, गावच्या शाळेत मुलींसाठी नवा टॉयलेट ब्लॉक बांधायचाय, ठेकेदार ओळखीचा आहे आणि एक मित्र अमेरिकेतून पैसे पाठवणार आहे. मी माणदेशात जि. प. शाळेवर शिक्षिका आहे, म्हणजे देणगीदार येतात तेव्हा मी हार-नारळ घेऊन उभं राहणाऱ्यांच्यात असते. तर माझं स्पष्ट मत, नवीन काही बांधायच्या आधी शाळेत आहे ते टॉयलेट बघून या. फोनवर मुख्याध्यापकांना विचारून नाही, स्वतः जाऊन, आणि मधल्या सुट्टीत.

कारण टॉयलेट नाही अशी शाळा आता शोधावी लागते, कागदावर तर सगळीकडेच आहे. २०१४ च्या १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून शाळाशाळांत टॉयलेट बांधायची घोषणा झाली आणि वर्षभरात देशभर चार लाखांवर शाळा-टॉयलेट झाल्याचं जाहीर झालं. त्यातली सरकारी कंपन्यांनी बांधलेली कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने, नंतर जाऊन तपासली, अहवाल २०२० मध्ये आला. १५ राज्यांतली २,६९५ टॉयलेट बघितली, काही तर बांधलेलीच नव्हती, आणि जी उभी होती त्यातल्या ७२ टक्क्यांमध्ये आत नळाला पाणी नव्हतं, ३० टक्के वापरातच नव्हती. म्हणजे खोल्या होत्या, दारं होती, कंपनीचं नाव रंगवलेलं होतं, फक्त पोरींना जाता येत नव्हतं.

आता कुलूप का लावतात ते सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं शिक्षक आळशी. पाणी नाही म्हणून साफ होत नाही, साफ होत नाही म्हणून वास मारतो, वास मारला की पोरं दारातच लघवी करून पळतात, मग मॅडम वैतागून कुलूप लावतात आणि एक टॉयलेट स्टाफसाठी चालू ठेवतात. शिवाय शाळा सुटल्यावर गावातली टवाळ पोरं येऊन तोट्या काढून नेतात, भांड्यात दगड टाकतात ते वेगळंच. याचा परिणाम बघायचा तर सातवीच्या मुलींच्या पाण्याच्या बाटल्या बघा. सकाळी घरून भरून आणतात आणि संध्याकाळी तशाच भरलेल्या परत नेतात, ऐन मार्चमध्येसुद्धा. विचारलं तर "तहानच नाही लागली मॅडम". पहिली-दुसरीची पोरं बिनधास्त करंगळी दाखवून पळतात, मोठ्या मुली विचारतच नाहीत, आणि महिन्यातले ते चार दिवस तर शाळेतच येत नाहीत.

म्हणून पैशाची वाटणी उलटी करा. सगळे अडीच लाख सिमेंट-विटांत घालू नका. जुनं टॉयलेट दुरुस्त होण्यासारखं असेल तर आधी तेच चालू करा, बहुतेक ठिकाणी भांडं, दार, पाइप आणि टाकी एवढंच गेलेलं असतं. त्यानंतर पाणी. टाकी छपरावर बसवून फोटो काढणं सोपं आहे हो, ती भरणार कुठून? ग्रामपंचायतीचं पाणी दिवसाआड येत असेल तर खाली साठवण पाहिजे, मोटर पाहिजे, आणि मोटरला लाइट पाहिजे, आणि शाळेचं लाइट बिल कोण भरतं हा तर वेगळ्या उत्तराचा विषय आहे.

आणि खरा मुद्दा सफाईचा. आमच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, सफाई कामगार तर नाहीच. वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं, तीस ते शंभर पटाच्या शाळेला २५ हजार, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. म्हणजे वर्षाला अडीच हजार, महिन्याला दोनशे रुपये, त्यात फिनेलही धड येत नाही. गावातल्या एखाद्या ताईला रोज तासभर कामासाठी महिना अडीच हजार मानधन धरलं तर वर्षाचे तीस हजार होतात, तीन वर्षांचे नव्वद. हे नव्वद हजार आधी बाजूला काढून ठेवा आणि उरलेल्यात बांधकाम बसवा, ब्लॉक छोटा झाला तरी चालेल. देणगीदारांना हे सांगितलं की तोंड वाकडं होतं, कारण मानधनावर कोनशिला लावता येत नाही! पण मानधन द्याच, "गावकीचं काम आहे" म्हणून फुकटात करून घेऊ नका, आणि झाडू-बादली नेहमी त्याच दोन-तीन पोरांच्या हातात तर दिली जात नाही ना तेही बघा, ती पोरं कुठल्या वस्तीतली असतात ते मी लिहायची गरज नाही.

बांधकामाचं म्हणाल तर साधारण चाळीस मुलांमागे एक संडास आणि तीन मुताऱ्या असं प्रमाण धरतात. मुलींनाही मुतारी लागते, मध्ये आडभिंती घालून, नाहीतर दोन संडासांसमोर सुट्टीच्या दहा मिनिटांत रांग लागते आणि निम्म्या मुली तशाच वर्गात येतात. भांडं जास्त उताराचं ग्रामीण पद्धतीचं घ्या, ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं, शहरी भांड्याला बादलीभर लागतं. सेप्टिक टँकपेक्षा दोन शोषखड्डे बरे, एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं दीड-दोन वर्षांत खत होतं, उपसायला गाडी बोलवावी लागत नाही. काळी माती असेल किंवा पावसाळ्यात पाणी वर येत असेल तर मात्र आधी इंजिनिअरला विचारा. दार पत्र्याचं नको, खालून गंजतं. कडी आतून आणि पहिलीतल्या पोरीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, हे गवंडी हमखास विसरतो. मुलींच्या टॉयलेटमध्ये एक खुंटी, एक फळी आणि झाकणाची बादली पाहिजेच. पॅड जाळायचं मशीन देऊ नका, बंद पडलं की दुरुस्तीला कोणी येत नाही. हात धुवायला साबणाची वडी ठेवली तर दोन दिवसांत गायब होते, आम्ही पाण्याच्या बाटलीत कपडे धुवायची पावडर कालवतो, झाकणाला भोक पाडतो आणि बाटली नळाला सुतळीने बांधतो, मस्त चालतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या, तिथे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका, त्या बायकांना मीटिंगला बोलवा आणि बोलू द्या. जुनं पाडायचं असेल तर निर्लेखनाची, म्हणजे ते सरकारी नोंदीतून कमी करायची, परवानगी लागते, स्वतःहून हातोडा घालू नका, मुख्याध्यापक गोत्यात येतात. अंदाजपत्रक जि. प. च्या इंजिनिअरकडून बघून घ्या. अमेरिकेतल्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अडचण नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं तरी, ते पैसे परदेशी देणगीत धरतात आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत, त्यामुळे त्याचे पैसे बॅचच्या खात्यात ढकलून पुढे देऊ नका.

ठेकेदार ओळखीचा आहे म्हणता, तरी शेवटचा हप्ता राखून ठेवा. शाळा भरलेली असताना सलग पंधरा दिवस वापर होऊ दे, कुठे तुंबतंय, कुठे गळतंय ते मुलींनाच विचारा, आणि मगच चेक द्या.