अल्बेनियन 'सतम्' गटातली, म्हणून संस्कृतची सख्खी?

मला विचारलेल्या एका प्रश्नात दोन दावे आहेत: अल्बेनियन (बाल्कनमधल्या अल्बेनियाची भाषा) 'सतम्' गटातली म्हणून संस्कृतला सर्वांत जवळची, आणि शिवाय युरोपातली सर्वांत जुनी. दुसरा सोडून द्या. बोलली जाणारी भाषा अमुक दिवशी जन्मत नाही. लिखाण कधीचं ते सांगता येतं. अल्बेनियनचं पहिलं ज्ञात वाक्य 1462 मधलं, बाप्तिस्म्याचं, आर्चबिशप पाल एन्ग्येली यांनी नोंदवलेलं.

पहिल्या दाव्यात गंमत आहे. संस्कृतच्या इंडो-युरोपीय भाषाकुळात 'सतम्' आणि 'केन्तुम्' या गटांना नावं पडली शंभराच्या शब्दावरून: जुन्या 'क'चा 'स' किंवा 'श' झाला तो 'सतम्' गट (संस्कृत 'शतम्'), 'क' राहिला तो 'केन्तुम्' (लॅटिन). अल्बेनियनमध्ये शंभराला 'क्यिंद' म्हणतात, आणि तो चक्क लॅटिन 'केन्तुम्'वरून उसना घेतलेला! उसनवारी आहेच भरपूर. भाषाशास्त्रज्ञ गुस्ताव्ह मायर यांच्या 1891 च्या व्युत्पत्तिकोशात पाच हजारांवर नोंदी. त्यांतले मूळचे शब्द जेमतेम 400. बाकी बहुतेक लॅटिन, तुर्की, ग्रीक, स्लाव्ह. तरीही ही भाषा इंडो-युरोपीय आहे हे भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोप यांनी 1854 मध्येच मांडलं होतं.

मूळचे शब्द नुसत्या कानाने ओळखू येत नाहीत, नियमाने येतात. आरंभीच्या 'स'चा अनेकदा 'ग्य' होतो: सर्प–ग्यार्पर, स्वप्न–ग्यूम (झोप), सर्पिस् (तूप)–ग्याल्प (लोणी). संस्कृत 'ज'समोर घर्षक 'ध' (इंग्रजी 'this'मधला) येतो: जामाता–धन्दर, जम्भ–धम्ब (दात). आणि 'मोतर' म्हणजे आई नव्हे, बहीण. शब्द मात्र 'मातृ'च्याच कुळातला.

पण कंठ्य व्यंजनांच्या ज्या दोन मूळ रांगा (साधा 'क' आणि ओठ गोल करून म्हटलेला 'क्व') संस्कृतात एकत्र मिसळल्या, त्यांच्या वेगळेपणाच्या खुणा अल्बेनियनमध्ये राहिल्या, असं भाषाशास्त्रज्ञ होल्गर पेडरसन यांनी 1900 मध्ये दाखवलं. म्हणून 'सतम्' शिक्क्यावरून सख्खेपण ठरत नाही. इंडो-युरोपीय कुळात अल्बेनियनची शाखा स्वतंत्रच. मग बाल्कनच्या पश्चिमेकडची प्राचीन भाषा इलिरियन, तिची वंशज का? इलिरियनचा सलग मजकूर मिळालेला नाही, बहुतेक नुसती नावंच. त्यावर मी पैज लावणार नाही.

शब्द ताडून पाहायचे असतील तर प्रमाण भाषेवर थांबू नका. ती 1972 पासून दक्षिणेच्या टोस्क बोलीवर बेतलेली आहे, आणि टोस्कमध्ये दोन स्वरांमधल्या 'न'चा 'र' झाला. हिवाळा तिथे 'दिमर'; श्कुम्बिन नदीच्या उत्तरेला, गेग बोलीत, 'दिमन'. 'हेमन्त'शी जुळवायला गेग रूपच कामाचं. हा बदल लॅटिन उसन्या शब्दांत दिसतो (वाळूचा 'अरेना', टोस्क 'ररं'), स्लाव्ह शब्दांत सहसा दिसत नाही. स्लाव्ह लोक बाल्कनमध्ये आले 6व्या-7व्या शतकात. त्यांचे शब्द येईपर्यंत हा बदल बहुधा होऊन गेला होता. म्हणजे ही टोस्क-गेग फूट 1462 च्या त्या पहिल्या लिखित वाक्याहून कितीतरी शतकं जुनी.