अमेरिकेत गांजाविरोधी कायद्यांची सुरुवातीची अंमलबजावणी खरोखरच वर्णभेदी होती का?

अमेरिकेतील गांजाबंदी ही कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन लोकांना तुरुंगात डांबण्यासाठीच आणली गेली, असे जागोजागी वाचायला मिळते. यात तथ्य किती आणि तिखटमीठ किती, असे आपण विचारले आहे. भेदभाव होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. मात्र तो कायद्याच्या कलमांत शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण १९३७ च्या केंद्रीय कायद्यात कोणत्याही वंशाचा वा वर्णाचा उल्लेखच नाही. तो शोधावा लागतो कायदा होण्याआधी चाललेल्या बोलण्यात, कायद्याच्या विचित्र रचनेत आणि पोलिसांनी कोणत्या वस्तीत जाऊन कोणाचे खिसे तपासले यात. मी गेली बारा वर्षे डेन्व्हरला राहतो आणि या इतिहासाचे बरेच धागे याच कोलोराडो राज्यातून जातात, म्हणून उत्तरात कोलोराडो जरा जास्त आले तर समजून घ्यावे.

सुरुवात मात्र कॅलिफोर्नियातून आणि आपल्याच लोकांपासून करावी लागते. १९११ साली कॅलिफोर्नियाच्या औषधनियंत्रण मंडळाचे सदस्य हेन्री फिंगर यांनी अमेरिकी सरकारचे अफूविषयक प्रतिनिधी हॅमिल्टन राइट यांना एक पत्र लिहिले. आमच्याकडे वर्षभरात ‘हिंदूं’चा लोंढा आला आहे, ते अगदी नकोसे लोक आहेत, त्यांच्यामुळे गांजाची मागणी वाढली आहे आणि ते आमच्या गोऱ्यांनाही ही सवय लावतील अशी भीती वाटते, असा त्या पत्राचा आशय आहे. हे ‘हिंदू’ म्हणजे बहुतांशी पंजाबातून शेतमजुरीसाठी आलेले शीख होते. पण त्या काळच्या अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेला प्रत्येक माणूस ‘हिंदू’च ठरत असे, आणि १९२० ते १९४० या काळातील जनगणनांच्या तक्त्यांत तर ‘हिंदू’ हा धर्म म्हणून नव्हे, वंश म्हणून नोंदवला गेला आहे. शिखांच्या आचारात धूम्रपानाला मुळातच मज्जाव, हे फिंगरसाहेबांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या विषविषयक कायद्यात दुरुस्ती करून गांजा बाळगण्यावर बंदी घातली. त्यानंतरच्याच वर्षी, १९१४ मध्ये, लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी एक मोठा छापा घातला आणि गाडीभर गांजा जप्त केला. छापा पडला सोनोराटाउनमध्ये, म्हणजे मेक्सिकन वस्तीत. पत्रात भीती ‘हिंदूं’ची आणि छापा मेक्सिकनांवर, हा तपशील मला फार बोलका वाटतो.

मेक्सिकोत १९१० मध्ये क्रांती सुरू झाली आणि पुढची दहा-पंधरा वर्षे हजारो कुटुंबे सीमा ओलांडून उत्तरेकडे येत राहिली. रेल्वेचे रूळ टाकणे, खाणीत उतरणे आणि कोलोराडोत मुख्यतः साखरेच्या बीटची खुरपणी व काढणी करणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. बीटची खुरपणी म्हणजे दिवसभर कंबरेत वाकून करायचे काम. आपल्याकडच्या ऊसतोड कामगारांची स्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची कल्पना लगेच येईल. हंगामात ही माणसे हवी असत आणि हंगाम संपला की डोळ्यांत खुपत. उत्तर कोलोराडोतील काही गावांत दुकानांच्या काचांवर ‘फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी’ अशा पाट्या लागल्या होत्या. १९२९ नंतर मंदी आली, कामे आटली आणि कालपर्यंत लागणारा मजूर आज परका झाला. एप्रिल १९३६ मध्ये तर गव्हर्नर एड जॉन्सन यांनी राज्याच्या दक्षिण सीमेवर लष्करी कायदा पुकारला आणि बाहेरून येणाऱ्या ‘निर्धन व परकीय’ लोकांना अडवण्यासाठी नॅशनल गार्डचे जवान उभे केले. अडवलेल्यांत शेजारच्या न्यू मेक्सिकोतले, पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकेचेच नागरिक असलेले स्पॅनिशभाषक लोकही होते. न्यू मेक्सिकोने ओरड केली आणि तो प्रकार थोड्याच दिवसांत गुंडाळावा लागला.

त्याच वर्षी, त्याच दक्षिण भागातल्या अलामोसा गावच्या दैनिकाच्या संपादकाने केंद्रीय अंमली पदार्थ विभागाला पत्र लिहिले. गांजाची एक छोटीशी सिगारेट आमच्याकडच्या अध:पतित स्पॅनिशभाषक रहिवाशाचे काय करून टाकते ते तुम्हाला दाखवता आले असते तर बरे झाले असते, असे त्यात म्हटले होते. अलामोसाजवळ वाळूच्या प्रचंड टेकड्यांचे राष्ट्रीय उद्यान आहे आणि इथली मराठी मंडळी उन्हाळ्यात मुलांना घेऊन तिथे हमखास जातात. आम्हीही दोनदा गेलो आणि गावात थांबून जेवलो. बटाट्याची शेते, लांबवर बर्फाचे डोंगर आणि निम्म्या पाट्यांवर स्पॅनिश आडनावे. सीमेवर जवान उभे करणारा गव्हर्नर आणि हे पत्र लिहिणारा संपादक हे एकाच वर्षातले, एकाच प्रदेशातले आहेत, हे मला दुसऱ्या खेपेनंतर वाचताना कळले. गांजाविषयीचे बोलणे हे मुळात माणसांविषयीचे बोलणे होते, हे इथे जितके उघडे दिसते तितके क्वचितच दिसते.

हे पत्र महत्त्वाचे ठरले, कारण पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे गांजा-कर विधेयकाची सुनावणी झाली तेव्हा ते पुरावा म्हणून नोंदीत घातले गेले. विभागाचे आयुक्त हॅरी अ‍ॅन्सलिंगर यांनी मांडलेल्या पुराव्यांत वर्तमानपत्रांतील कात्रणे आणि खुनाच्या भडक हकिकती यांचाच भरणा होता. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या वतीने डॉ. विल्यम वुडवर्ड साक्षीला आले. ते डॉक्टर होते आणि वकीलही, त्यामुळे त्यांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले: गांजामुळे गुन्हे वाढतात म्हणता, मग तुरुंग विभागाचा माणूस आकडे घेऊन का आला नाही? शाळकरी मुले व्यसनी होत आहेत म्हणता, मग बालकल्याण विभागाची साक्ष कुठे आहे? समितीने त्यांना उत्तर देण्याऐवजी त्यांचीच उलटतपासणी केली. जूनमध्ये विधेयक सभागृहात आले तेव्हा विरोधी पक्षाचे नेते स्नेल यांनी हे कशासंबंधी आहे असे विचारले, आणि बहुमताचे नेते सॅम रेबर्न यांनी ‘मारिवाना’ नावाच्या कशाशी तरी याचा संबंध आहे, तो बहुधा कसला तरी अंमली पदार्थ असावा, अशा आशयाचे उत्तर दिले. वैद्यक संघटनेचा पाठिंबा आहे का, असेही विचारले गेले, तर समितीतलेच फ्रेड व्हिन्सन यांनी संपूर्ण पाठिंबा असल्याचे ठोकून दिले. हेच व्हिन्सन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. २ ऑगस्ट १९३७ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि १ ऑक्टोबरपासून कायदा लागू झाला.

या कायद्याची रचना समजून घेतल्याशिवाय अंमलबजावणीतला भेदभाव कळत नाही. तो नावाने करकायदा होता. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला गांजा द्यायचा तर औंसामागे १०० डॉलर कर, म्हणजे मालाच्या किमतीच्या कितीतरी पट. शिवाय कर भरायचा तर सरकारी फॉर्मवर नाव लिहावे लागे, आणि ते कागद राज्याच्या पोलिसांना पाहता येत, जिथे गांजा बाळगणे आधीच गुन्हा होते. म्हणजे कर भरला तर राज्य पकडणार आणि नाही भरला तर केंद्र पकडणार. इकडे आड, तिकडे विहीर. त्याच काळात ब्रिटिश हिंदुस्थानात गांजावर खराखुरा कर होता: अबकारी खाते परवाने देई, ठरावीक दुकानांतून माल विकला जाई आणि तिजोरीत महसूल जमा होई. गांजाच्या चौकशीसाठी तिथे नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेऊन माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही असा निष्कर्षही काढला होता. अमेरिकेचा कर वसूल होण्यासाठी नव्हताच. जो कायदा पाळणे जवळजवळ अशक्य असते, त्यात कोणाला धरायचे हे पूर्णपणे शिपायाच्या मर्जीवर जाते, आणि ती मर्जी बीटच्या शेतातल्या मजुराकडे वळणार की वकिलाच्या मुलाकडे, हे सांगायला ज्योतिषी नको.

इथे एक अडचणीचा तपशील सांगितला पाहिजे, कारण आपण तिखटमिठाविषयीही विचारले आहे. या कायद्याखाली देशात शिक्षा झालेले अगदी पहिले दोघे डेन्व्हरचेच. ऑक्टोबर १९३७ च्या पहिल्याच आठवड्यात सॅम्युएल कॉल्डवेल आणि मोझेस बाका यांना पकडले गेले, आठवडाभरात खटला उरकला आणि न्यायाधीश फॉस्टर सिम्स यांनी विक्रेत्या कॉल्डवेलला चार वर्षे सक्तमजुरी व १,००० डॉलर दंड, तर बाळगणाऱ्या बाकाला अठरा महिने दिले. खुद्द अ‍ॅन्सलिंगर त्यासाठी डेन्व्हरला आले होते. यातला बाका मेक्सिकन वंशाचा. पण कॉल्डवेल, ज्याला जास्त शिक्षा झाली, तो ५८ वर्षांचा बेकार गोरा मजूर होता. त्यामुळे ‘पहिल्या दिवसापासून फक्त काळे आणि मेक्सिकन’ हे विधान टिकत नाही. गरिबी हा या जाळ्याचा दुसरा धागा होता, आणि तो विसरला की चित्र सोपे पण चुकीचे होते.

संगीतकारांच्या बाबतीतही तेच. कृष्णवर्णीय जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला १९३० मध्ये लॉस एंजेलिसजवळ क्लबच्या बाहेर गाड्यांच्या तळावर गांजा ओढताना पकडले, तेव्हा त्याच्याबरोबर धरला गेलेला ढोलवादक व्हिक बर्टन गोरा होता. आणि १९४३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पकडला गेलेला जीन क्रुपा हाही गोराच. पण गोऱ्या वादकालाही पकडले जाई ते जॅझमुळे, म्हणजे ज्या दुनियेत काळे-गोरे एकत्र बसत त्या दुनियेत वावरल्यामुळे. चाळिशीच्या दशकात अ‍ॅन्सलिंगर यांनी वादकांची वेगळी फाइल ठेवली होती आणि देशभर एकाच वेळी धरपकड करण्याचा त्यांचा मनसुबा होता. तो तडीस गेला नाही. पुढे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, समितीपुढे बोलताना त्यांनी आपला रोख चांगल्या वादकांवर नसून जॅझवाल्यांवर आहे असे सांगितले, आणि संतापलेल्या लोकांच्या पत्रांचा पाऊस पडला.

अ‍ॅन्सलिंगर यांच्या तोंडी घातलेले एक वाक्य आपण नक्की वाचले असेल: देशात एक लाख गांजेकस आहेत, बहुतेक काळे आणि मेक्सिकन, आणि त्यांच्यामुळे गोऱ्या बायका बिघडतात वगैरे. ते समितीपुढील साक्षीतले म्हणून फिरवले जाते. साक्षीच्या छापील नोंदीत ते नाही. ते वापरू नये, आणि वापरण्याची गरजही नाही. १९३४ मध्ये त्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या पत्रकात एका कृष्णवर्णीय खबऱ्याचे वर्णन करताना इतका हीन शब्द वापरला होता की पेनसिल्वेनियाचे सेनेटर जोसेफ गफी यांनी त्यांचा राजीनामा मागितला. राजीनामा दिला गेला नाही. १९३० मध्ये बसलेली खुर्ची त्यांनी १९६२ पर्यंत सोडली नाही.

‘मारिवाना’ हा शब्दच मेक्सिकनांना बदनाम करण्यासाठी रचला, हा दुसरा समज. शब्द मेक्सिकोतलाच आहे, आणि गांजा ओढून माणूस वेडापिसा होतो या कथाही आधी तिथल्याच वर्तमानपत्रांत छापल्या जात. मेक्सिकोने तर १९२० मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या सतरा वर्षे आधी, देशभर बंदी घातली होती. अमेरिकी वर्तमानपत्रांनी त्या कथा उचलल्या आणि मेक्सिकोतल्या गरिबांविषयीचा तिथल्या प्रतिष्ठितांचा तिटकारा सीमेपलीकडे येऊन सगळ्याच मेक्सिकनांविषयीचा तिटकारा झाला.

न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल १९४४ मध्ये आला. साध्या वेशातील पोलिसांनी हार्लेममध्ये, म्हणजे न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, फिरून ‘टी-पॅड’ म्हणवल्या जाणाऱ्या सुमारे ५०० बैठका असल्याचा अंदाज दिला: मंद दिवा, रेडिओ किंवा फोनोग्राफ, आरामशीर फर्निचर आणि एकेका सिगारेटचा डॉलरपर्यंतचा भाव. गुन्हेगारी आणि गांजा यांचा थेट संबंध त्या अहवालाला दिसला नाही. अ‍ॅन्सलिंगर यांनी त्याला झोडपून काढले, आणि १९५१ व १९५६ च्या कायद्यांनी साध्या बाळगण्यालाही पहिल्याच गुन्ह्यात किमान दोन वर्षे ठरवून टाकली. न्यायाधीशाची दया दाखवण्याची मुभा आवळली की उरतो तो पकडणारा आणि आरोप ठेवणारा यांचाच निर्णय. करकायदा १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, तोही स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला भाग पाडतो या कारणावरून; वर्णाचा मुद्दा तिथे आलाच नाही. आणि २०१० च्या आकड्यांवर आधारित नागरी स्वातंत्र्य संघटनेच्या अहवालात, काळे आणि गोरे जवळपास सारख्याच प्रमाणात गांजा घेत असताना काळ्यांना अटक होण्याचे प्रमाण ३.७३ पट निघाले.

आज डेन्व्हरमध्ये गांजाची दुकाने उघड्यावर आहेत; २०१४ पासून विक्री सुरू आहे आणि पावतीवर राज्याचा कर रीतसर छापून येतो. माझे गोरे सहकारी शुक्रवारी संध्याकाळी तिथे जातात. आमच्या मराठी मंडळातल्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या तरुणांना मात्र वकील बजावून सांगतात की त्या दुकानात पाऊल टाकू नका, कारण केंद्राच्या लेखी तो अजून गुन्हा आहे, आणि २०१९ च्या सरकारी मार्गदर्शनानुसार राज्यात कायदेशीर असलेल्या वापरामुळेही नागरिकत्वाचा अर्ज अडकू शकतो.