वडिलांकडचा कॅन्सरही तितकाच मोजा

तुमचा प्रश्न असा: आत्याला ४१व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, वडिलांची आई पन्नाशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली, पण आईकडे कुणालाच काही नाही, तर जनुकचाचणी करावी का?

आईकडे काही नाही म्हणून निर्धास्त राहू नका. स्तन आणि बीजांडकोश (ओव्हरी) यांच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ जनुकातला दोष वडिलांकडूनही येतो. त्यांच्यात तो असेल तर प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता ५० टक्के. पुरुषांना बऱ्याचदा स्वतःला काही न होता तो पुढे जातो, त्यामुळे वडील ठणठणीत आहेत यावरून काहीच ठरत नाही.

आजीच्या पोटातलं पाणी मला आत्याच्या वयाइतकंच महत्त्वाचं वाटतं. बीजांडकोशाचा कॅन्सर घरच्यांच्या लक्षात अनेकदा असाच राहतो. ‘कावीळ होऊन गेले’ यामागे स्वादुपिंडाचा कॅन्सर असू शकतो. ‘पिशवी काढली’ म्हणाले तर कशासाठी काढली आणि बीजांडकोश ठेवले का, हे विचारा. मृत्यूच्या दाखल्यावर भिस्त ठेवू नका, बायोप्सीचा रिपोर्ट शोधा.

मग तीन पिढ्यांचा तक्ता काढा, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा. प्रत्येकापुढे कॅन्सर कुठे सुरू झाला आणि निदान कितव्या वर्षी झालं ते लिहा; मृत्यूचं वय इथे कामाचं नाही. यकृतात किंवा हाडांत पसरलेला कॅन्सर वेगळा धरू नका. काकू, मामी, आत्याचे यजमान रक्ताचे नाहीत, त्यांना वगळा. निरोगी माणसंही लिहा, कारण घरात बायकाच कमी असतील तर दोष असूनही तक्ता कोरा दिसतो. मोठं आतडं आणि गर्भाशयाचे कॅन्सर एकाच बाजूला दिसले तर लिंच सिंड्रोमचा, म्हणजे हे कॅन्सर घराण्यात आणणाऱ्या वेगळ्या जनुकदोषाचा, विचार करावा लागतो, आणि त्याची पहिली तपासणी गाठीच्या जपून ठेवलेल्या ब्लॉकवरही (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) होते.

चाचणी आधी आत्याची करा. लोकांचे पैसे इथेच वाया जातात. तुमची आधी केली आणि निगेटिव्ह आली, तर दोष तुमच्यात उतरला नाही की या पॅनेलने (एकत्र तपासलेल्या जनुकांच्या संचाने) पकडता येणारा दोष घराण्यातच नाही, हे कळत नाही. आत्यात नेमका बदल सापडला की वडिलांची आणि तुमची फक्त त्याच जागेची तपासणी पुरते. ती स्वस्त पडते आणि उत्तर स्पष्ट मिळतं. पॅनेलमध्ये जनुकाचे मोठे तुकडे गळालेत का हेही पाहतात ना, ते लॅबला विचारून घ्या. रिपोर्टमध्ये ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर त्यावरून शस्त्रक्रिया ठरवू नका.

परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सर जेनेटिक्सची ओपीडी आहे. आत्या आणि तिचे कागद घेऊन जा. समुपदेशन चाचणीच्या आधी व्हायला हवं, रिपोर्ट हातात आल्यावर नाही.

दोष निघालाच तर स्त्रियांसाठी साधारण २५व्या वर्षापासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय आणि ३०पासून मॅमोग्राफी सुचवतात. बीजांडकोशाचा कॅन्सर वेळेत पकडणारी भरवशाची तपासणी नाही. म्हणून मुलं झाल्यावर बीजांडकोश आणि बीजवाहक नलिका काढण्याचा सल्ला देतात: बीआरसीए१ असेल तर ३५ ते ४०, बीआरसीए२ असेल तर ४० ते ४५ या वयात. भाऊ असेल तर त्यालाही सांगा. बीआरसीए२ असलेल्या पुरुषांनी चाळिशीपासून प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी करून घ्यावी.