कॅलिफोर्नियात घराची जुनी परमिटं काउंटीकडून कशी मिळवायची? एच-वन-बी व्हिसावर असताना मागता येतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: सॅन होजेजवळच्या घरावर तुमची ऑफर स्वीकारली गेली आहे, मागची मोठी खोली नंतर वाढवलेली दिसते, शहराच्या बिल्डिंग खात्याने "या पत्त्याचं जुनं काही नाही" म्हणून सांगितलं आणि एजंट म्हणतो काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाला, विचारा. तुम्ही नागरिक नाही, म्हणून हक्काबद्दल शंका आहे.

हक्क पूर्ण आहे. कॅलिफोर्निया पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट १९६८ सालचा आहे आणि तो नागरिकत्व बघत नाही. व्हिसा कुठला, राहता कुठे, कागद कशाला हवा, यातलं काहीही सांगण्याचं तुमच्यावर बंधन नाही. भारतातला माहिती अधिकार फक्त नागरिकांना असल्यामुळे आपल्या लोकांना ही शंका हमखास येते आणि त्यापायी कितीतरी जण अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मात्र सगळ्या राज्यांत असं नाही. व्हर्जिनियाचा कायदा हा हक्क तिथल्याच नागरिकांना देतो आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं. तसंच फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्टचं नाव सगळ्यांच्या कानावर असतं, पण तो केंद्र सरकारच्या खात्यांपुरता. काउंटीच्या अर्जात राज्याच्या कायद्याचं नाव घाला.

आता मुख्य मुद्दा. शहराकडे कागद नाही म्हणजे परमिट नव्हतंच, असं धरून चालू नका. त्या भागातल्या कितीतरी वस्त्या आधी कुठल्याच शहराच्या हद्दीत नव्हत्या, बांधकामाची परवानगी थेट काउंटी द्यायची. पुढे एकेक तुकडा शहरात सामील होत गेला. सॅन होजेच्या पोटात अशी काउंटीची बेटं आजही शिल्लक आहेत. सामील होण्याआधीच्या फायली बऱ्याचदा काउंटीकडेच पडून असतात. म्हणून शहराच्या प्लॅनिंग खात्याला एकच गोष्ट विचारा: ही जागा हद्दीत कोणत्या साली आली? खोली त्याआधीची असेल तर कागद काउंटीत शोधायचा, नंतरची असेल तर शहरातच पुन्हा, नीट.

काउंटीत गेल्यावरही एका खिडकीवर सगळं मिळत नाही. खरेदीखतं क्लार्क-रेकॉर्डरकडे, करासाठीचं मूल्यांकन ॲसेसरकडे, परमिटं प्लॅनिंग किंवा बिल्डिंग खात्याकडे. या सगळ्यांना जोडणारा धागा म्हणजे ॲसेसरचा पार्सल क्रमांक, आपल्या सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकासारखा. रस्त्यांची नावं बदलतात, घरांचे नंबर बदलतात, त्यामुळे पत्त्याबरोबर हा क्रमांक नेहमी द्या. रेकॉर्डरची सूची मात्र देणाऱ्या-घेणाऱ्याच्या नावाने लागते, तिथे जुन्या मालकांची नावं हाताशी हवीत. तुमच्या कामाला रेकॉर्डरपेक्षा ॲसेसर जास्त उपयोगी पडेल. घराचं बांधकामाचं वर्ष, चौरस फूट, खोल्यांची संख्या ही त्याच्याकडची माहिती सार्वजनिक असते. जाहिरातीतल्या चौरस फुटांशी ती ताडून पाहा. फरक मागच्या खोलीएवढाच निघाला तर ती खोली ॲसेसरच्या नोंदीत नाही हे कळलंच. पण ॲसेसरने खोली मोजली आहे म्हणजे ती परवानगीने बांधली, असं अजिबात नाही. तो जे उभं आहे त्यावर कर लावतो.

वेळेचं गणित नीट लक्षात घ्या, लोक इथेच अडकतात. कायद्याप्रमाणे काउंटीने १० दिवसांत कळवायचं असतं ते एवढंच, की मागितलेले कागद आहेत का आणि देता येतात का. कागद हातात कधी पडतील ते वेगळं. विशेष कारण असेल तर आणखी १४ दिवस वाढवून घेता येतात. इकडे कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या खरेदी करारात तपासणीची मुदत (घर तपासून सौद्यातून बाहेर पडता येण्याचा काळ), वेगळं काही लिहिलं नसेल तर, १७ दिवसांची असते आणि आजकाल खरेदीदार ती स्वतःहून कमी करून देतात. म्हणून पोर्टलवर अर्ज भरून वाट बघत बसू नका. अर्ज आजच टाका आणि उद्या स्वतः काउंटरवर जा. फायली पाहण्याचा हक्क कार्यालयाच्या वेळेत असतोच आणि पाहण्याचे पैसे लागत नाहीत. आमच्या घराच्या वेळी मी असाच गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी पार्सल क्रमांक टाकला, संगणकावर काहीच आलं नाही, मग त्यांनी आपणहून मायक्रोफिश, म्हणजे जुने कागद बारीक करून उतरवलेली फिल्म, काढून दिली. जुनी परमिटं बरेचदा स्कॅनच झालेली नसतात, तेव्हा "ऑनलाइन काही नाही" या उत्तरावर परत फिरू नका. मायक्रोफिल्म, मायक्रोफिश, कार्ड यांत पाहिलं का, असं स्पष्ट विचारा. अर्जदाराला कागद ओळखायला मदत करणं हे कायद्यानेच त्यांचं काम आहे.

अर्जात प्रश्न विचारू नका, कागद मागा. "ही खोली कायदेशीर आहे का?" याचं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. त्याऐवजी असं लिहा: अमुक पत्ता, अमुक पार्सल क्रमांक, घर बांधल्यापासून आजपर्यंतची सर्व बिल्डिंग, इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंग परमिटं, तपासणीची कार्डं, नियमभंगाच्या नोटिसा, कोणत्याही स्वरूपात असोत.

परमिट सापडलं की आधी त्याची स्थिती बघा. 'इश्यूड' म्हणजे फक्त काम सुरू करायची परवानगी. शेवटची तपासणी होऊन 'फायनल' झालेलं हवं. मी पाहिलेल्या कार्डावर पाया, चौकट, वायरिंग यांपुढे इन्स्पेक्टरच्या सह्या होत्या आणि शेवटचा रकाना कोरा होता. कागदावर ती खोली पुरी झालेलीच नव्हती. असं परमिट मुदत संपून बाद होतं आणि पुढे ते निस्तरणं नव्या मालकाच्या गळ्यात येतं.

नकाशांचं वेगळं आहे. मंजूर प्लॅन तिथे बसून बघता येतात, पण त्यांची प्रत घ्यायला आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरची आणि घरमालकाची लेखी परवानगी लागते. कायद्यातच तसं आहे, काउंटरवर वाद घालू नका. वही न्या, मापं टिपून घ्या. बाकीच्या कागदांच्या प्रतींना फक्त प्रत काढण्याचा खर्च घेता येतो आणि स्वतःच्या फोनने फोटो काढले तर तोही नाही. शोधण्याचा किंवा गोपनीय मजकूर झाकण्याचा वेळ बिलात लावता येत नाही. हेवर्ड शहराने पोलीस व्हिडिओंबाबत तसं करून पाहिलं आणि २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरलं.

लेखी अर्ज नाकारला तर नकारही लेखी आणि कायद्यातल्या कुठल्या अपवादाखाली ते सांगून द्यावा लागतो. इथे माहिती आयोग नाही, अपील नाही, थेट सुपीरिअर कोर्ट, म्हणजे काउंटीतलं राज्याचं न्यायालय. जिंकलात तर वकिलाचा खर्च सरकारी कार्यालयाकडून मिळतो. परमिटांच्या बाबतीत गोष्ट सहसा तिथवर जात नाही, कलमाचा उल्लेख करून पाठवलेला एक नम्र ईमेल पुरतो.

एक काळजी मात्र घ्या. नोंदी हव्या तेवढ्या बघा, पण सरकारी इन्स्पेक्टरला घरी बोलावू नका. नेहमीच्या करारात विकणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय तसं करायला मनाई असते आणि सौदा त्यावरून बिघडू शकतो. काउंटी आणि शहर दोघांकडे खरंच काही सापडलं नाही, तर "नोंद उपलब्ध नाही" असं दोघांकडून लेखी घ्या आणि मुदत संपण्याआधी एजंटला द्या. किंमत कमी करून मागायची, विकणाऱ्याकडून परमिट नियमित करून घ्यायचं, की बाजूला व्हायचं, हे तुम्हाला त्या कागदावर ठरवता येईल.

सामील झाल्याचं साल कळलं की इथे लिहा, पुढचा अर्ज नेमका कुणाकडे करायचा ते सांगतो.