गच्चीवरील सौर पॅनेलांची राखण

प्रश्न : आमच्या बैठ्या घराच्या गच्चीवर अनुदान योजनेतून तीन किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली आहे. सुट्टीत घर बरेच दिवस बंद असते. चोरीच्या भीतीने शेजारी सांगाड्याला शेतातले झटका मशीन जोडायला सुचवतात, तर ओळखीचा वेल्डर सगळे नट वेल्ड करू म्हणतो. काय करावे?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही करू नये. सांगाडा अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे झटका चोराला बसेलच असे नाही. मात्र अर्थिंगशी छेडछाड करून तो बसवला, तर पॅनेल पुसायला चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल आणि जबाबदारी मालकावर येईल. वेल्डिंगने जस्ताचा थर जळतो व आपल्याकडच्या पावसात तेथूनच गंज धरतो. शिवाय उद्या एखादे पॅनेल बदलायचे झाल्यास ग्राइंडर चालवावा लागेल, तो काचेशेजारी.

सुमारे साडेपाचशे वॅटचे पॅनेल दोन मीटरहून लांब आणि पंचवीस-तीस किलोचे असते. ते उतरवायला चोराला जोडीदार, वाट आणि वेळ लागतो. यांतला वेळ आपल्या हातात आहे. पॅनेल सांगाड्यावर धरून ठेवणारे नेहमीचे क्लॅम्प साध्या एलन कीने (षटकोनी चावीने) मिनिटांत सुटतात. म्हणून क्लॅम्पना शिअर नट लावावेत. ठरावीक जोरापर्यंत आवळल्यावर त्याचे षटकोनी डोके तुटून पडते आणि मागे उरलेल्या गुळगुळीत शंकूवर पाना बसत नाही. प्रत्येक पॅनेलच्या चारपैकी तिरपे दोन क्लॅम्प असे केले तरी पुष्कळ. काम मूळ पुरवठादाराकडूनच करून घ्यावे. बाहेरच्या माणसाने फ्रेमला भोक पाडले, तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागते.

बाहेरून जिना असल्यास त्याला कुलूपबंद जाळीचा दरवाजा हवा. टाकी साफ करून झाल्यावर शिडी तशीच भिंतीला टेकवून ठेवण्याची आपली सवय तर चोराला आवतणच! कॅमेरा आणि हालचालीवर पेटणारा दिवा उपयोगी पडतो. इन्व्हर्टरच्या मोबाईल अ‍ॅपवर मात्र विसंबू नये : पॅनेल एकाच माळेत जोडलेली असल्याने एक काढले तरी निर्मिती शून्यावर येते, हे खरे, पण रात्री ती शून्यच असते, म्हणून चोरी कळते ती सकाळी.

प्रत्येक पॅनेलच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र आजच काढून बिलासोबत ईमेलमध्ये जपावे. फिर्याद देताना आणि भंगारात सापडलेला माल आपलाच आहे हे पटवताना तोच पुरावा.

विम्याबाबत एक खोच आहे. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविम्यात आग, पूर अशा विमित घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांत झालेल्या चोरीचीच भरपाई मिळते. पुरात घर सोडावे लागणाऱ्या नदीकाठच्या कुटुंबांना तिचा आधार आहे. आपल्यासारख्या बंद घराला नाही. त्यासाठी चोरीचे स्वतंत्र संरक्षण घ्यावे आणि गच्चीवरील यंत्रणेचा उल्लेख पॉलिसीत लेखी करून घ्यावा.