एकादशीच्या ताटात मराठी काय? मनूला पत्र

प्रिय मनू,

परवा फोनवर तुझा प्रश्न अर्धाच राहिला, कारण तुझा क्लास होता आणि माझी मीटिंग. तुझ्या ब्राझीलच्या रूममेटने साबुदाण्याची खिचडी बघून सांगितलं ना, की हा तर आमचा कसावा नावाचा कंद, आमच्याकडे याच पिठाचं तव्यावर घावन करतात, आणि मग तू मला विचारलंस की आई, साबुदाणा जर त्यांचा तर आपल्या एकादशीच्या उपासात मराठी काय आहे?

अगं ती मुलगी फक्त साबुदाण्यावर थांबली हे तिचे उपकार माना. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची, रताळंही तिकडचंच. म्हणजे उपासाच्या ताटातलं जवळजवळ सगळं कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचायच्या आधी आपल्याकडे कुणी बघितलेलंच नव्हतं. विचार कर, ज्ञानेश्वरांच्या काळात, म्हणजे १३ व्या शतकात, वारकरी एकादशी करतच होते पण त्यांच्या फराळात खिचडी नाही, बटाट्याची भाजी नाही, दाण्याची आमटी नाही आणि तिखटाला मिरचीसुद्धा नाही! वरई, शिंगाडा, सुरण, केळी, दूध-तूप हे जुनं, आणि तिखट हवं तर मिरी.

हे सगळं आलं कसं तर पोर्तुगीज जहाजांमधनं. काब्राल नावाचा त्यांचा एक दर्यावर्दी १५०० साली लिस्बनहून भारताकडे निघाला, वाटेत एप्रिलमध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला पोचला, म्हणजे तुझ्या रूममेटचा देश आणि आपला देश एकाच सफरीत जोडले गेले. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतलं, मग वसई. त्याच गोव्यात पुढे १५६० पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्म-न्यायालय, बसलं, लोकांचे सण, लग्नातले विधी, देवपूजा सगळ्यावर बंदी आली, आणि त्याच राजवटीच्या गलबतांतून उतरलेली मिरची आज एकादशीला चालते. मला तर हे इतिहासातल्या कुठल्याही लढाईपेक्षा जास्त भन्नाट वाटतं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून पोर्तुगीजांना तिथनं घालवलं पण मिरचीला कोण घालवणार, ती तोवर घरचीच झालेली.

आता तुला प्रश्न पडेल की चालतं हे ठरवलं कोणी. जुना नियम साधा होता, एकादशीला धान्य नाही, कंदमुळं आणि फळं चालतील. ऋषिपंचमीला तर अजून कडक, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. (वरई हे खरं तर गवतवर्गातलंच धान्य, तरी चालते, का ते विचारू नकोस.) नियमात बटाट्याचं नाव असणं शक्यच नव्हतं, मग बटाटा दारात आल्यावर कुणीतरी बाई चुलीपाशी बसून म्हणाली असणार की हा मातीखाली येतो, म्हणजे कंद, म्हणजे चालेल! ही माझी कल्पना बरं का, पण दुसरं कसं झालं असेल सांग. लढाया, तह, सनदा सगळं लिहून ठेवलं लोकांनी, आणि अर्ध्या महाराष्ट्राच्या पोटात रोज जाणारे हे निर्णय कुणी घेतले त्या बायकांचं नाव कुठेच नाही.

साबुदाण्याची गोष्ट तर अजून वाकडी. मुळात साबुदाणा कसाव्याचा नव्हताच, मलाया-इंडोनेशियाकडे एक ताडासारखं झाड असतं, त्याच्या खोडातला गर धुवून सत्त्व काढून ते दाणे करायचे आणि ते बोटीने इकडे यायचे. कसावा वेगळ्या वाटेने केरळात रुजला, त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी १८८० नंतर त्याची लागवड वाढवली. कच्चा कसावा विषारी असतो, त्यात सायनाइड तयार होतं, म्हणून लोक घाबरायचे आणि महाराजांनी तो स्वतःच्या ताटात वाढायला लावला अशी गोष्ट सांगतात. मग दुसरं महायुद्ध आलं, १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं, तिकडचा साबुदाणा बंद. तेव्हा तमिळनाडूत सेलमला लोकांनी कसाव्यापासून तसेच दाणे करायला घेतले, कंद सोलायचा, ठेचायचा, सत्त्व पाण्यात खाली बसू द्यायचं, ओलं सत्त्व कापडाच्या झोळीत हलवून गोळ्या करायच्या, भाजायच्या, उन्हात वाळवायच्या. पणजीच्या पिढीने मुकाट्याने झाड सोडून कंद धरला आणि उपास काही मोडला नाही.

आणि राजगिरा! तो मी मुद्दाम मागे ठेवला होता कारण नाव कसं राजेशाही आणि आपल्याला वाटतं ऋषीमुनी हेच खात असतील. तोही मेक्सिकोकडचा. तिथले अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवाच्या मूर्ती करायचे आणि पूजा झाली की तुकडे करून प्रसादासारखे खायचे, ते बघून स्पॅनिश पाद्री हादरले आणि त्यांनी ते सगळं दडपलं. आज मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या मधात किंवा पाकात घोळवून वड्या विकतात, आजी दादरहून पाठवते त्या चिक्कीची सख्खी बहीणच. म्हणजे तिकडे देवाच्या नावाने ज्याच्यावर गदा आली ते इकडे देवाच्याच नावाने खातात.

तर मराठी काय म्हणशील तर हे चालतं-चालत नाही प्रकरण मराठी. आपल्याकडे उपासाला हळद नाही, कोथिंबीर काहींकडे चालते काहींकडे नाही, जिऱ्यावरनं तर मी सासरी आल्यावर पहिल्याच एकादशीला गोंधळले होते, माहेरी घालायचे आणि इथे सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे चालतं, एवढं म्हटलं की वाद संपला. आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हणसुद्धा आपलीच, ती रूममेटला नक्की सांग.

तू क्विनोआचं, म्हणजे त्या बारीक दाण्यांचं, विचारलं होतंस की तो उपासाला चालतो का. तो राजगिऱ्याच्याच कुळातला, गवतवर्गातलं धान्य नाही, म्हणजे राजगिरा चालतो तर तो का नाही. मी काल आजीला फोन लावला. ती म्हणाली, शिजल्यावर कसा दिसतो? मी म्हटलं जरा वरीच्या तांदळासारखा. मग दोन मिनिटं विचार करून म्हणाली की पोरीला म्हणावं दाण्याचं कूट घालून कर आणि कसा झाला ते सांग, चांगला झाला तर चालेल.

तुझी,
आई