हसायचे कुठे, हे न सांगणारे चित्रपट

मख्ख चेहऱ्याने केलेल्या विनोदाविषयी, ज्याला इंग्रजीतून आलेला ‘डेडपॅन’ हा शब्द आता आपल्याकडेही रुळला आहे, वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेत आहोत.

प्रश्न : आम्ही चौघांनी मिळून ‘नेपोलियन डायनामाइट’ हा चित्रपट पाहिला. दोघे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. उरलेल्या आम्हा दोघांना यात विनोद नेमका कुठे आहे, हे शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतरचा वाद मात्र चित्रपटापेक्षा अधिक रंगला. एकाच चित्रपटाबद्दल इतकी टोकाची मते कशी काय होतात?

उत्तर : तुमच्या हाती नेमका असा चित्रपट लागला आहे, की ज्याने तुम्हा चौघांआधी मोठमोठ्या संगणकतज्ज्ञांनाही हैराण केले होते. जॅरेड हेस यांचा हा चित्रपट २००४ साली आला. सुमारे चार लाख डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने चार कोटींहून अधिक डॉलरांची कमाई केली. पुढे २००६ मध्ये नेटफ्लिक्स कंपनीने एक स्पर्धा जाहीर केली. कोणता ग्राहक कोणत्या चित्रपटाला किती तारे देईल, याचे कंपनीचे भाकीत जो दहा टक्क्यांनी अधिक अचूक करून दाखवील, त्याला दहा लाख डॉलरांचे बक्षीस मिळणार होते आणि ते २००९ मध्ये दिलेही गेले. त्या काळात स्पर्धकांना सर्वाधिक छळणाऱ्या चित्रपटांमध्ये ‘नेपोलियन डायनामाइट’चे नाव अग्रभागी होते. एखाद्याला इतर शंभर चित्रपटांपैकी कोणते आवडले हे ठाऊक असूनही त्याला हा आवडेल की नाही, हे सांगता येत नसे. त्यावर हसणारे भरभरून पाच तारे देत आणि न हसणारे एकच तारा देत, त्यामुळे मधल्या गुणांचा दुष्काळ होता.

याचे कारण शोधायचे तर आधी नेहमीचा विनोदी चित्रपट आपल्याला किती मदत करत असतो, हे पाहावे लागते. पात्र पाय घसरून पडले की पार्श्वसंगीत चटकन थांबते किंवा एखादा खट्याळ सूर वाजतो, कॅमेरा लगेच बाजूच्या माणसाच्या विस्फारलेल्या डोळ्यांकडे वळतो, नट क्षणभर थांबून हशाला जागा करून देतो आणि संकलक ती जागा अचूक मोजून ठेवतो. दूरचित्रवाणीच्या मालिकांनी तर १९५०च्या दशकापासून ध्वनिमुद्रित हशाच जोडून देण्याची सोय केली. या सगळ्या खाणाखुणा आपल्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या आपल्याला दिसतही नाहीत. मख्ख विनोदाचा चित्रपट त्या एकेक करून काढून घेतो. तुम्ही पाहिलेल्या चित्रपटात, सुरुवातीलाच, तो उंच, कुरळ्या केसांचा मुलगा शाळेच्या बसच्या खिडकीतून दोरीला बांधलेले खेळण्यातले बाहुले बाहेर टाकतो आणि ते रस्त्यावरून फरफटत नेतो. तो असे का करतो, याचा खुलासा पुढे कधीच होत नाही. तुमच्यापैकी दोघांना तो खुलासा नसणे हीच गंमत वाटली असणार, आणि तुम्ही दोघे खुलाशाची वाट पाहत राहिला असाल.

येथे एक आक्षेप निघू शकतो. ‘एअरप्लेन!’ (१९८०) मध्येही लेस्ली नील्सन, रॉबर्ट स्टॅक, पीटर ग्रेव्ह्ज हे एरवी गंभीर भूमिकांसाठी ओळखले जाणारे नट चेहऱ्यावरची रेषाही न हलवता वावरतात, मग त्यावर प्रेक्षकांत दोन तट का पडले नाहीत? तो चित्रपट तर प्रचंड चालला. माझ्या मते या आक्षेपातच उत्तर आहे. तेथे नट मख्ख आहेत, पण चित्रपट मुळीच मख्ख नाही. १९५७च्या ‘झीरो अवर!’ या गंभीर चित्रपटाचे कथानक उचलून त्यावर थट्टेचा असा भडिमार केला आहे, की हा विनोद आहे की नाही, असा प्रश्न पडायला प्रेक्षकाला सवडच मिळत नाही. फूट तेव्हा पडते, जेव्हा नटाबरोबर खुद्द चित्रपटाचाच चेहरा मख्ख होतो. कॅमेरा हलत नाही, संगीत इशारा देत नाही, दृश्य जेथे संपायला हवे असे वाटते तेथे संपत नाही. जिम जारमुश यांनी १९८४च्या ‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’मध्ये प्रत्येक प्रसंग एका सलग शॉटमध्ये घेतला आणि दोन प्रसंगांच्या मध्ये पडदा काही क्षण काळा ठेवला. त्या काळ्या पडद्याकडे पाहताना नुकतेच जे घडले ते हसण्याजोगे होते की नव्हते, याचा निवाडा ज्याचा त्याने करायचा असतो.

या जातीचा सर्वांत टोकाचा नमुना मला स्वीडनचे रॉय अँडरसन वाटतात. फांदीवर बसून अस्तित्वाचे चिंतन करणाऱ्या कबुतराचे लांबलचक नाव असलेल्या त्यांच्या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात दोन थकलेले, सुतकी चेहऱ्याचे फिरते विक्रेते आहेत. ते विकतात काय, तर रक्तपिपासू भुताचे खोटे दात, रबरी मुखवटा आणि दाबली की खदाखदा हसणारी पिशवी. लोकांना मौज करायला मदत करणे हा आमचा व्यवसाय आहे, असे ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात एरवी शोकवार्ता सांगितली जाते. कॅमेरा दूर उभा राहून हे सारे निश्चलपणे पाहतो. हे हास्यास्पद आहे की हृदयद्रावक, याचे उत्तर चित्रपट शेवटपर्यंत देत नाही.

राहिला तुमच्यातील वादाचा मुद्दा. नेहमीचा विनोद फसला तर आपल्याला फार तर कंटाळा येतो. येथे मात्र शेजारचा माणूस हसत असतो आणि आपण नाही, त्यामुळे चित्रपट नव्हे तर आपणच नापास झालो, असे वाटू लागते, आणि माणूस कंटाळा सहन करतो त्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ अपमान सहन करतो.

प्रश्न : अशा चित्रपटांतील नट काहीच करत नाहीत. यात अभिनय तो काय?

उत्तर : काहीच न करणे जमते, पण काहीच न करता प्रेक्षकाला बघत ठेवणे फार थोड्यांना जमते. मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन (जन्म १८९५) लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर उभा राहत असे. खेळाचा भाग म्हणून वडील त्याला अक्षरशः इकडून तिकडे फेकत. आपण स्वतः हसलो तर प्रेक्षक कमी हसतात आणि चेहरा कोरा ठेवला तर अधिक हसतात, हे त्याला त्या वयातच उमगले. पुढे तो ‘पाषाणमुख’ म्हणून ओळखला गेला, परंतु दगडासारखा होता तो फक्त चेहरा. १९२८च्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची आख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीची जागा नेमकी त्याच्यावर आल्याने तो वाचतो. भिंत खरी होती, जड होती, आणि उभे राहण्याची जागा वीतभर चुकली असती तर जीव गेला असता. त्या प्रसंगात त्याने भीती दाखवली असती तर आपण त्याच्यासाठी घाबरलो असतो. त्याने ती न दाखवल्यामुळे घाबरण्याचे आणि हसण्याचे, दोन्ही काम आपल्याकडे आले.

कोऱ्या चेहऱ्याची ही ताकद रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिली होती. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा त्यांनी कधी सूपच्या बशीला, कधी शवपेटीला, तर कधी एका स्त्रीच्या दृश्याला जोडला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर क्रमाने भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. तो प्रयोग प्रामुख्याने संकलनाची महती सांगण्यासाठी उद्धृत केला जातो. मला त्यात मख्ख विनोदाची अडचणही दिसते. कुलेशोव यांनी शेजारी सूप ठेवून प्रेक्षकाला काय वाटावे, हे तरी सुचवले होते. हे चित्रपट सूपही ठेवत नाहीत. मग एक प्रेक्षक त्या चेहऱ्यात दुःख पाहतो, दुसरा मिस्कीलपणा पाहतो आणि तिसऱ्याला तेथे केवळ एक चेहरा दिसतो. तिघांपैकी कोणीही चुकीचे पाहत नाही.

प्रश्न : असे चित्रपट न आवडणे म्हणजे विनोदबुद्धी कमी असणे, असे माझे मित्र सुचवतात. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. उलट या प्रकारात लबाडीला भरपूर वाव आहे, हे मित्रांना जरूर सांगावे. विनोद सुचला नाही, संवाद लिहिता आले नाहीत, तर नटांना भिंतीसमोर उभे करून दहा सेकंद गप्प ठेवायचे आणि कोणी हसले नाही तर ‘हा डेडपॅन आहे’ म्हणून मोकळे व्हायचे, असेही चित्रपट निघतात. खऱ्याखोट्याची पारख करताना मी स्वतः एक गोष्ट पाहतो : पडद्यावरच्या माणसाला स्वतःची परिस्थिती खरोखर महत्त्वाची वाटते का? फिनलंडचे अकी कौरिसमाकी यांच्या ‘द मॅन विदाउट अ पास्ट’ (२००२) मध्ये बेदम मारहाण झालेल्या माणसाला डॉक्टर मृत घोषित करतात आणि थोड्या वेळाने तो उठून चालू लागतो. स्मृती गेलेला हा माणूस पुढे मालवाहू कंटेनरमध्ये संसार मांडतो. त्याच्या आसपासची माणसे जाहीरनामा वाचल्यासारखी बोलतात. परंतु निवारा, काम आणि सोबत मिळवण्याची त्या माणसाची धडपड सच्ची आहे, आणि दिग्दर्शक तिची टिंगल करत नाही.

‘नेपोलियन डायनामाइट’वरचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्यातील साध्याभोळ्या, बावळट माणसांबरोबर आपण हसतो आहोत की त्यांना हसतो आहोत, हे कित्येकदा स्पष्ट होत नाही, आणि दिग्दर्शकाने ते मुद्दाम अस्पष्ट ठेवले आहे असे मला वाटते. ज्यांना ते टोचले, त्यांच्या विनोदबुद्धीत खोट काढण्याचे काही कारण नाही.

प्रश्न : हे चित्रपट एकट्याने पाहावेत की इतरांबरोबर?

उत्तर : हसण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना असे आढळले होते, की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट संगतीत असताना हसतो. म्हणजे कोणत्याही विनोदाला सोबत हवीच. अडचण अशी, की या चित्रपटांत सर्वांनी एकदम हसावे अशा जागा फारशा नसतात. जाक ताती यांच्या ‘प्लेटाइम’मध्ये (१९६७) ७० मिलिमीटरच्या विशाल चौकटीत एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी काही ना काही घडत असते आणि कोठे पाहावे हे कॅमेरा सांगत नाही. डावीकडे पाहणारा आता हसतो, उजवीकडे पाहणारा थोड्या वेळाने. या चित्रपटासाठी ताती यांनी पॅरिसजवळ काच आणि पोलादाचे एक नगरच उभारले, त्यात ते कर्जबाजारी झाले, आणि आज मात्र हाच चित्रपट त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानला जातो. तो मोबाइलच्या पडद्यावर पाहून कंटाळा आला, असे कोणी सांगितले तर मी त्याचा दोष ना ताती यांना देईन, ना प्रेक्षकाला.

प्रश्न : पहिल्यांदा पाहताना मला राग आला होता, तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना हसू आले. असे होते का?

उत्तर : होते. पहिल्या वेळी मन कथेच्या मागे धावत असते, पुढे काय होणार या विवंचनेत असते, आणि काहीच होत नाही म्हणून चिडते. दुसऱ्या वेळी काही होणार नाही हे ठाऊक असते, त्यामुळे डोळे मोकळे होतात आणि चाल, थांबणे, बोलण्यातील लांबलेला विराम, भिंतीचा उदास रंग असे सारे दिसू लागते. समीक्षकांचेही असे झाले आहे. कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) त्याच्या काळी समीक्षेतही पडला आणि तिकीटखिडकीवरही. १९८९ मध्ये अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांची पहिली राष्ट्रीय यादी केली, तेव्हा तिच्यात तो होता.

अँडरसन यांच्या त्या विक्रेत्यांचा चित्रपट पहिल्यांदा पाहताना मी स्वतः तासाभरात उठलो होतो. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा हसणाऱ्या पिशवीवर मला हसू आले नाही. हसू आले ते त्या पिशवीचा आवाज थांबल्यानंतरच्या शांततेला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसाने त्याच वेळी घड्याळ पाहिले.